प्रसंग पाहून

पास्कूकाका धर्मकार्याचा अहवाल भाज्यांत द्यायचे. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या दारात फादर विचारायचे, "काय पास्कूकाका, तुमचा सुदानी पाहुणा कुठवर आला?" काका गंभीरपणे सांगायचे, "भेंडीपर्यंत आलाय, फादर. कारल्याला अजून हात लावत नाय." फादरांनीच हे मला हसत हसत सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा कोकणातला. नोकरीसाठी आलो आणि गिरीज गावात काकांच्या माडीवर भाड्याने राहिलो. काकांना मूलबाळ नव्हतं. रोजीकाकी गेल्यापासून ते आणि त्यांची केळीची वाडी, एवढाच संसार. त्या सुमारास जवळच्या कॉलेजात परदेशी मुलं शिकायला आली होती. फादरांनी सगळ्यांना सांगितलं, "ही पोरं आपल्या दाराशी आलीत. त्यांना घरी बोलवा, जीव लावा आणि प्रसंग पाहून येशूबद्दल सांगा."

काकांनी इद्रिसला गाठलं. सुदानचा हा उंच, लाजाळू मुसलमान मुलगा जवळच्या बोळिंजला खोली घेऊन राहायचा. दोघांचं हिंदी सारखंच कच्चं, त्यामुळे एकमेकांचं त्यांना छान कळायचं. दर रविवारी इद्रिस जेवायला यायचा, पंगतीला मीही असायचो. ज्या घरात रविवारी डुकराचं मटण चुकत नसे, तिथे ते शिजायचंच बंद झालं. हा त्याग किती मोठा, ते काकांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

प्रसंग मात्र काही केल्या येईना. जेवणाआधी मी खुणावलं की काका कुजबुजायचे, "उपाशी माणसाला देव सांगू नये." जेवणानंतर खुणावलं तर, "भरल्या पोटी त्याला झोप येते, दिसत नाय तुला?" मग ते त्याला वाडीत न्यायचे, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कशी काढायची ते दाखवायचे. येताना केळ्याची फणी त्याच्या हातात. पुढच्या रविवारी नक्की, असं मला सांगायचे. मी मनात म्हणायचो, म्हातारा भित्रा आहे.

असं करत इद्रिसचं शिक्षण संपलं. निघण्याआधीच्या रविवारी आम्ही तिघे जेवायला बसलो होतो. काका त्या दिवशी धड जेवतही नव्हते. इद्रिसनेच विषय काढला.

"काका, मेरे दोस्त लोग को सबने पहले दिन जीझस का बोला. आप कभी नहीं बोला. क्यों?"

काका ताटातला भात चिवडू लागले. मग म्हणाले, "बोला, और तू आना बंद किया तो?"

इद्रिस हळूच म्हणाला, "अभी बोलो. मैं सुनता है."

काकांनी हात धुतला, पंच्याला पुसला. इतक्या वर्षांची तयारी होती, आता तासभर तरी चालणार अशी माझी समजूत. भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे त्यांनी बोट केलं.

"रोजी गया. उसके बाद ये एकहीच मेरे साथ खाने को बैठता था," ते म्हणाले. "फिर तू आया."

एवढंच. इद्रिसचं जेवण खरं तर झालं होतं. त्याने ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.