विषयपत्रिकेवरचा जमाव

कुठल्याही सुसंस्कृत समाजात माणूस मारायला चार माणसं पुरतात. पण असं मारणं हा गुन्हा आहे हे ठरवायला मात्र समिती लागते. अमेरिकेसारख्या प्रगत देशाने तर या कामाला ऐंशीहून अधिक वर्षं दिली होती. जमावाने माणसाला ठार मारणं हा साऱ्या देशाच्या कायद्याने नागरी हक्कांचा गुन्हा ठरवावा, अशी विधेयकं काँग्रेसमध्ये येत. त्यांच्यावर भाषणं होत. भाषणं संपायच्या आत अधिवेशन संपे. (वक्तृत्वाला एवढा मान देणाऱ्या देशाला मागासलेला कोण म्हणेल?)

१९८३च्या जानेवारीत हा विषय मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळापुढे आला. आणला चिटणीस चारुदत्त खांबेटेने. चारुदत्त मोटारींच्या ब्रेकचा इंजिनियर. स्वभावाने गरीब, म्हणजे कुणाला 'नाही' म्हणता न येणारा; त्यामुळेच दर वर्षी बिनविरोध चिटणीस होणारा.

कारखान्यात त्याच्या शेजारी क्लॅरेन्स व्हिटफील्ड बसे. काळा, वयाने वडील, रविवारी चर्चमध्ये खर्जात गाणारा. चारुदत्तला पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी चालवायला त्यानेच शिकवलं होतं. आदल्या उन्हाळ्यात क्लॅरेन्सचा पुतण्या लिऑन उत्तरेकडच्या एका गावातून येत असताना त्याची गाडी बंद पडली. फोन करू द्या म्हणून त्याने एक दार ठोठावलं. शेजारी जमले. गाडी ओढून न्यायला ट्रक आला तेव्हा ओढायला गाडी होती, बसायला लिऑन नव्हता.

कोर्टात प्रत्येक आरोपीने प्रामाणिकपणे सांगितलं, की मी मारलं खरं, पण तो ज्याने मेला तो फटका माझा नव्हे. ज्यूरी त्याच भागातली असल्याने तिला हे पटलं. सार्वजनिक जागी मारामारी केल्याबद्दल सगळ्यांना जत्रेच्या मैदानातलं गवत कापायची शिक्षा झाली. (गवत उत्तम कापलं गेलं.)

"चार्ली," क्लॅरेन्स म्हणाला, "खून सिद्ध करायला एक खुनी लागतो. तिथे अख्खी गल्ली होती. म्हणून वॉशिंग्टनचा कायदा हवा. आमचं चर्च अर्ज करतंय. तुमच्या असोसिएशनचा पाठिंबा मिळेल?"

चारुदत्त 'हो' म्हणाला.

संक्रांतीचा कार्यक्रम झाल्यावर शाळेच्या कॅफेटेरियात कार्यकारिणी बसली. पुढच्या वर्षी तिळगूळ शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून मागवावा की घरी करावा, या प्रश्नावर दोन्ही बाजू रक्त सांडायला तयार होत्या. ते मिटल्यावर लिऑनचा विषय निघाला.

अध्यक्ष डॉ. उल्हास हृदयविकाराचे तज्ज्ञ होते. "व्हेरी सॅड," ते म्हणाले. "पण यार, मर्डर ऑलरेडी क्राइम आहे. एकच गोष्ट दोनदा कशाला बॅन करायची?"

"आणि आपण पडलो इमिग्रंट," खजिनदार गिरीश म्हणाला. "आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. उद्या कुठल्या फाइलमध्ये नाव गेलं तर?"

"पोरगा बावीस वर्षांचा होता हो, डॉक्टर," चारुदत्त म्हणाला.

"म्हणून तर व्हेरी सॅड म्हटलं ना मी!"

शिवाय एक तांत्रिक अडचण होती. मंडळाच्या घटनेप्रमाणे ठराव शुद्ध मराठीत लागे, आणि 'लिंचिंग'ला शब्द सापडेना. कार्यकारिणीतली वीणा पुण्याची, मराठीची एम.ए. असल्याने सगळे तिच्याकडे वळले. 'वध' म्हटलं तर मरणारा राक्षस ठरतो, असं तिने दाखवून दिलं. 'बळी' म्हटलं तर मारणाऱ्यांना पुण्य लागतं. 'जमावहत्या' म्हटलं तर समासाच्या नियमाने मेला तो जमाव. एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला लिऑन. कार्यकारिणीने भाषेशी प्रतारणा केली नाही.

"अरे, आपल्या भाषेत शब्दच नाही," गिरीश आनंदाने ओरडला, "म्हणजे आपल्या संस्कृतीत हा प्रकारच नाही!" टाळ्या पडल्या.

गिरीशचे वडील विष्णुकाका नातवंडांना भेटायला विदर्भातून आले होते. ते गुळाची पोळी खात कोपऱ्यात बसले होते. "नाही कसा?" ते म्हणाले. "आमच्या गावात एकानं पाटलाच्या विहिरीवर पाणी शेंदलं होतं. गावानं धडा शिकवला त्याले."

"मग शिकला का तो, काका?" चारुदत्तची बायको कांचन हिने विचारलं.

"शिकायले उरला कुठं!" काका दिलखुलास हसले आणि तुपाची वाटी पुढे ओढली.

डॉक्टरांनी निर्णय दिला, की 'धडा' हा शब्द शिक्षणाखाली येतो, सबब प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध नाही. तेवढ्यात शाळेचा रखवालदार दिवे मालवायला आला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

"प्रोसेस चालू आहे," चारुदत्तने क्लॅरेन्सला सांगितलं.

"ओळखतो मी तिला," क्लॅरेन्स म्हणाला. "माझे आजोबाही तिचीच वाट बघत होते."

मार्चमध्ये कारखान्यातली बरीच माणसं घरी बसवली गेली. त्याला स्वस्त गाड्या विकणारा जपान जबाबदार होता. जपान दूर असल्याने फाटकासमोर एक जुनी जपानी गाडी आणून ठेवण्यात आली. धर्मादाय पेटीत डॉलर टाकावा आणि गाडीवर एक घाव घालावा. कार्य सत्कार्य होतं, त्यामुळे गर्दी झाली. घटकाभरात गाडी संपली. लोकांचा उत्साह संपला नाही.

चारुदत्तची गाडीही जपानीच. (ब्रेक उत्तम होते, त्याला त्यातलं कळत होतं.) तो कुलूप उघडत असताना कोणीतरी ओरडलं, "हा बघा एक!" वळून पाहतो तो भोवती कडं. त्यातले दोन चेहरे रोज कँटीनमध्ये त्याला 'हाय' म्हणणारे. पहिला ठोसा ओठावर बसला. हातोडा समोरच्या काचेवर बसला. चारुदत्तने दोन्ही हात वर केले. "मी जपानी नाही! इंडियन आहे, इंडियन! राँग मॅन! राँग मॅन!"

फाटकातून क्लॅरेन्स आणि दोन पहारेकरी धावत आले, आणि प्रत्येकाला एकदम मुलं आणायला जायचं असावं तसं ते कडं पांगलं. पोलिसांनी 'पार्किंगवरून बाचाबाची' अशी नोंद केली.

घरी कांचनने टाके पडलेल्या ओठावर बर्फ धरला.

"कांचन, मी त्यांना 'मारू नका' म्हणालोच नाही गं," चारुदत्त म्हणाला. "'चुकीचा माणूस' म्हणालो. बरोबरचा माणूस तिथे असता तर?"

"तर तू गाडी सुरू करून घरी आला असतास," कांचन म्हणाली. तिने बर्फ काढला नाही.

तातडीची सभा डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये भरली आणि चहा येण्याआधीच ठराव झाला. शब्दही सापडला. 'उच्चशिक्षित, करदात्या व कायदा पाळणाऱ्या भारतीयांवर, त्यांना जपानी समजून होणारे हल्ले' हा साऱ्या देशात नागरी हक्कांचा गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती.

"लिऑन?" चारुदत्तने विचारलं.

"चारू, तो वेगळा इश्यू आहे," डॉक्टर म्हणाले. "मिक्स केलं तर आपली केस वीक होते."

"आणि खऱ्या जपानी माणसाला मारलं तर?"

"त्यांचं मंडळ असेल की!" वीणा म्हणाली.

"कर सही, चिटणीस," गिरीशने पेन पुढे केलं.

"नाही," चारुदत्त म्हणाला. शब्द तोंडाला नवा असल्याने आणि ओठ सुजलेला असल्याने तो नीट उमटला नाही. म्हणून त्याने पुन्हा म्हटला. गिरीशने पेन वीणाकडे वळवलं. चारुदत्त दारातून बाहेर पडायच्या आत चिटणीसपद भरलं गेलं.

रविवारी तो आणि कांचन क्लॅरेन्सच्या चर्चमध्ये गेले. तिथल्या अर्जावर त्यांनी सह्या केल्या. नावापुढे डिग्री लिहायची चारुदत्तला आठवण झाली नाही. लिऑनची आई टेबलाशी बसली होती. तिने त्याच्या ओठाकडे पाहिलं. "फार दुखतं का, बाळा?" ती म्हणाली. तिने हा प्रश्न आपल्याला विचारावा, याने त्याला इतकं भरून आलं की तो नुसता मान हलवत उभा राहिला. कांचनने त्या बाईचा हात हातात घेतला आणि गाणी संपेपर्यंत सोडला नाही.

पुढे दोन्ही अर्ज वॉशिंग्टनला पोचले. दोन्हींना सारख्याच मजकुराची, सारखीच सौजन्यपूर्ण पोच मिळाली. (कायद्यापुढे सर्व समान असतात ते इथे.) कायदा त्या वर्षी झाला नाही, त्या दशकातही झाला नाही. चारुदत्तची गाडी फोडणाऱ्यांचीही चौकशी झाली. ज्याला त्याला विचारण्यात आलं आणि निष्कर्ष निर्विवाद निघाला. जमावात मारणारा असा कोणीच नसतो. असतात ती फक्त पुढे काय होतं ते बघायला थांबलेली भली माणसं.

तुम्हीही इथपर्यंत थांबलातच की.