चौसष्टावा छर्रा

इम्तियाजभाईंनी मॉडेल टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि छर्रे मोजले. मग पुन्हा मोजले.

तपासणी. नग: एक. छर्रे: हवेत चौसष्ट, आहेत त्रेसष्ट. शेरा: नापास.

चाकणच्या पार्ट्स कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी क्वालिटीत काढली होती. त्यांच्या नजरेखालून खराब नग कधी गेटबाहेर गेला नव्हता. आणि आता स्वतःच्या लेकीचा जाणार?

इफ्फत पाच वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होती. आज अकराला निवड समितीसमोर तिचा नमुना तास. तो जमला तर नोकरी कायम. धातूत अणू कसे रचलेले असतात ते दाखवायला तिने बेअरिंगचे बोराएवढे छर्रे चिकटवून हा ठोकळा केला होता. ती कागदपत्रं घेऊन पुढे गेली होती. ठोकळा अब्बांनी संत तुकाराम नगरहून स्कूटरवर न्यायचा होता.

आणि वरच्या थरात एक जागा रिकामी. दात पडल्यासारखी.

"अहो, तिला फोन तरी करा," जमिला म्हणाली.

"आज? उगा टेन्शन द्यायचं? एवढं काम बापाला येत न्हाई व्हय?"

पोलादी छर्रा घरात नव्हता. डब्यात पितळेचा सापडला. व्हर्निअर लावला, माप तंतोतंत. चिकटवला, वरून चंदेरी रंग मारला.

दुरुस्ती झाली. शेरा: पास. सही: इ. मुलाणी.

"ओळख बरं, नवा कुठला!"

जमिलाला ओळखता आलं नाही. इम्तियाजभाईंनी शीळ घालत स्कूटर काढली.

कॉलेजात प्राचार्यांनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. "बसा चाचा, लेकीचा तास ऐका." पुढे समितीचे तिघं, मध्ये डॉ. योगिनी काळभोर.

इफ्फतने ठोकळा मुलांच्या हातात दिला. "पुस्तकात स्फटिक अगदी शिस्तीत असतो. खऱ्या धातूत एखादा अणू जागेवर नसतोच. जागा रिकामी असते, म्हणून शेजारचा अणू तिकडे सरकू शकतो. मी दाखवणार नाही, तुम्ही शोधा. यात एक अणू मुद्दाम कमी ठेवलाय."

मुद्दाम.

इम्तियाजभाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मुलांनी ठोकळा फिरवला, उलटा केला. सुजित मोजू लागला. "मॅडम, चौसष्ट."

"नीट मोज."

"चौसष्टच. हाउसफुल आहे मॅडम!"

वर्ग खिदळला. योगिनीबाईंनी भुवई उचलली. "शेख– सॉरी, मुलाणी मॅडम, तुमची रिकामी जागाच गैरहजर दिसतेय."

इफ्फतची नजर मागच्या बाकावर आली. इम्तियाजभाई पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

शेवटी ते उठले. लेकीला म्हणाले, "मॅडम, जागा मी भरली. मला वाटलं, राहून गेली."

कोणी हसलं नाही. इफ्फतने ठोकळा पुन्हा मुलांसमोर धरला.

"ठीक. मग आता प्रश्न बदलला. यांनी तिथे काय बसवलंय, ते शोधा."

हीनाने छर्र्यांवरून बोट फिरवलं. बोट चंदेरी झालं. "मॅडम, रंग ओलाय! आत पिवळं! पितळ!"

"म्हणजे एका धातूच्या जागेवर दुसरा येऊन बसला. हा वेगळा दोष, मी उद्या शिकवणार होते. तांब्याच्या जागांवर जस्त असंच बसतं, तेव्हा पितळ होतं. आता सांगा, धातू कशाने कडक होईल? रिकाम्या जागेने की पाहुण्याने?"

बाकांवर भांडण जुंपलं. योगिनीबाई खुर्ची सोडून ठोकळ्यापाशी गेल्या आणि सुजितशी वाद घालू लागल्या.

"म्हंजी अजून डिफेक्ट हायच?" इम्तियाजभाई पुटपुटले.

"पहिल्यापेक्षा भारी, चाचा!" शेजारच्या बाकावरून एक मुलगा ओरडला.

एकतीस वर्षांत त्यांच्या कामात पहिल्यांदा दोष निघाला होता. काढला तो त्यांच्याच लेकीने, चारचौघांत. इम्तियाजभाईंची छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं.

दुपारी प्राचार्य बाहेर आले. "अभिनंदन, मॅडम. आता तुम्ही कायमच्या आमच्या. आणि चाचा, प्रयोगशाळेला असे आठ ठोकळे करून द्याल? प्रत्येकात वेगळा दोष पाहिजे."

"खराब माल? मी?" त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"जमेल का अब्बा?"

इम्तियाजभाईंनी चष्मा पुसला.

"जमवू. फक्त बेटा, खराब कसं करायचं ते आधी मला शिकव. मग बघ, एक नंबर खराब करतो."