सातव्या चाचणीत उत्तीर्ण

तपासनीस साहेबांना तीन आठवडे झोप नव्हती. थोरले भाऊ, म्हणजे दादा, गेले त्या दिवसापासून. "डॉक्टरांकडे जाऊ या," असं बायको रोज म्हणायची. पण साहेबांची हयात लोकांचे अपुरे अर्ज परत पाठवण्यात गेलेली. स्वतःचं प्रकरण ते कागदपत्रांविना पुढे कसं पाठवणार? त्यांनी मोबाइलवर 'आपले मन स्वतः तपासा' ही मोफत चाचणी उघडली.

दहा प्रश्न, चार मिनिटं. निकाल आला : 'आपणांस मध्यम स्वरूपाचे नैराश्य असू शकते.'

"असू शकते?" साहेब भडकले. "असला मोघम शेरा माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता."

फेरतपासणी म्हणून त्यांनी दुसरी चाचणी दिली. तिच्यात नैराश्य तीव्र निघालं. तिसरीने त्यांना उत्साही, दिलदार आणि फुलपाखरू वृत्तीचे ठरवलं. एका अर्जदाराचे तीन निकाल! मग साक्षीदार आला. चौथी चाचणी बायकोने त्यांच्या वतीने भरली आणि 'चिडचिड' या प्रश्नापुढे क्षणात 'नेहमी' दाबलं.

"फार घाई केलीस."

"लग्नापासून थांबले होते," ती म्हणाली.

सहाव्या चाचणीपर्यंत साहेबांना खरी मेख कळली. अर्ज अडतो तो खऱ्या उत्तरांमुळे. सातवीत त्यांनी मुरलेल्या अर्जदारासारख्या खुणा केल्या. झोप : उत्तम. भूक : उत्तम. पडद्यावर फुगे उडाले : 'अभिनंदन! आपले मन शंभर टक्के निरोगी आहे.' साहेबांनी छापील प्रत काढली, स्वतःच साक्षांकित केली आणि फ्रिजवर चिकटवली. डोळा मात्र लागेना. आता तर तक्रारीचीही सोय उरली नव्हती. प्रकरण निकाली निघालं होतं.

सकाळी बायकोने चहा पुढे सरकवला आणि समोर बसली. "अहो, राहू दे तो कागद. दादांची आठवण येते ना?"

सात चाचण्या झाल्या, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हटलं, "पर्याय काय काय आहेत?"

हसा, वाचकहो. माणूस हसण्यासारखाच आहे. पण काल जिन्यात मी तुम्हाला "कसं काय?" विचारलं, तेव्हा तुम्हीही "मजेत" म्हणालात. मलाही ते सोयीचंच पडलं. उत्तर ऐकायला मी थांबलो कुठे होतो?