नमुन्याचा डबा

सरकारी टेंडर म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ! उगीच फुशारकी मारत नाही. सगळी नोकरी मी खरेदी शाखेत काढली. कोणाची सही चुकीच्या पानावर, कोणाचा शिक्का उलटा, कोणाच्या पाकिटाला लाखेऐवजी डिंक! कशाकशापायी टेंडर बाद होतं, हे ग्वाल्हेरात माझ्याइतकं कोणालाच माहीत नसेल. म्हणून निवृत्त झाल्यावर घराबाहेर पाटी लावली, ‘माधवराव टेंबे, सरकारी टेंडर सल्लागार. लहान उद्योगांस विशेष मार्गदर्शन.’

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे राजलक्ष्मीनं, पदराला हात पुसत पाटी वाचली.

“घरचा गॅस नंबर लावून आणता येत नाही तुम्हाला, आणि लोकांना टेंडरं मिळवून देणार!”

मी पाटी सरळ केली. थोर माणसांना घरात कोणी विचारत नाही, हे मला आधीपासून ठाऊक आहे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शालिनीताई. बिर्लानगरात गिरणी कामगारांच्या जुन्या चाळींजवळ त्यांनी एक शेड भाड्यानं घेतली आहे. तिथे पाच-सहा बायका चिवडा, शेव, शंकरपाळे करतात. माल उत्तम, पण खप फक्त ओळखीपाळखीत. एका सरकारी प्रशिक्षण संस्थेला प्रशिक्षणार्थींसाठी वर्षभर चिवडा हवा होता आणि त्याचं टेंडर निघालं होतं.

“माधवराव, हे मिळालं नाही तर शेड सोडावी लागेल,” शालिनीताई म्हणाल्या. “माझं काय हो, मी घरी बसेन. पण या बायांनी कुठे जायचं? दोघींच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही.”

“टेंडर मिळालं असं समजा!” मी म्हणालो आणि लगेच चहा मागवला. चहा आला नाही, पण काम सुरू झालं.

ऑनलाइन अर्ज मी असा भरला की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. राहिला फक्त नमुना. तो प्रत्यक्ष नेऊन द्यायचा होता. डबा स्टीलचा आणि झाकणाचा हवा, प्लॅस्टिक चालणार नाही. आणि अट अकरावी अशी, की नमुन्यावर किंवा डब्यावर बोली लावणाऱ्याची ओळख पटेल असं नाव, खूण, चिन्ह काहीही असू नये. तशा खुणेवरून ओळख पटली तर नमुना बाद! कुठला चिवडा कोणाचा, हे चाखणाऱ्या समितीला कळता कामा नये. म्हणजे वशिल्याला वाव नाही. नियम करणारा हुशार होता.

नमुन्याच्या दिवशी सकाळीच शालिनीताई डबा घेऊन आल्या. मी तो चहूबाजूंनी पाहिला. लेबल नाही, चिठ्ठी नाही, काही नाही.

“शाब्बास! याला म्हणतात शिस्त!”

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, “तळाशी काय लिहिलंय, वाचलंत का?”

डबा उचलून खालून पाहिलं. ठसठशीत अक्षरांत कोरलं होतं, ‘चि. सौ. कां. शालिनी हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट.’ नाव, लग्न, आजोळ, सगळी ओळख एकाच ओळीत!

आता ही आपल्या मराठी लोकांची जुनी खोड. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात राहून आमची निम्मी भाषा हिंदी झाली, पण भांड्यावर नाव घातल्याशिवाय आम्ही भांडं घरात घेत नाही. मग ती वाटी असो की घंगाळ! मी आमच्या फळीवरचे सगळे डबे खाली काढले. एकावर सासऱ्यांचं नाव, दुसऱ्यावर आत्याचं, तिसऱ्यावर माझ्या मुंजीची तारीख. साखरेच्या डब्यावर ‘कै. तात्यासाहेबांच्या स्मरणार्थ’! शेजारी गेलो, तिथेही तीच गत. महाराज बाड्यावर जाऊन नवा आणावा, तर नेमकी बाजाराची साप्ताहिक सुट्टी!

शालिनीताई ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला कसनुसं झालं. एवढ्यात राजलक्ष्मी माळ्यावरून एक जाडजूड जुना डबा घेऊन उतरली.

“याच्यावर काही नाही बघा.”

“हा कोणाचा?”

“काय माहीत! कोणाकडून तरी लाडू आले होते यातून. परत द्यायचा राहिला.”

“मग परत का नाही दिला?”

“रिकामा देऊ?”

या प्रश्नाला आमच्या समाजात उत्तर नाही. ज्या भांड्यातून काही आलं, ते भांडं रिकामं परत जात नाही. त्यात घालायला साजेसं काही होईपर्यंत ते माळ्यावर वाट बघत बसतं. मी चष्मा लावून डब्याचा तळ पाहिला, बाजू पाहिल्या, झाकण वरून पाहिलं. कोरा करकरीत! झाकण आतून कोण बघतं? शालिनीताईंनी घाईघाईनं चिवडा भरला, मी लाखेनं डबा सील केला आणि आम्ही रिक्षा पकडली.

संस्थेच्या सभागृहात लांब टेबलावर चार डबे मांडले होते. प्रत्येकावर नुसता आकडा. टेबलामागे तीन जणांची समिती. मधोमध अध्यक्ष जयसिंहराव भोईटे, पूर्वज फौजेतले, त्यामुळे बसतानाही सावधानमध्ये. उजवीकडे हिशेब विभागाच्या गरिमा मॅडम, तोंडात सतत नियम. डावीकडे मेसचे इनचार्ज सौरव, यांचं लक्ष फक्त डब्यांकडे. बोली लावणारे आम्ही सगळे मागच्या रांगेत, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद.

पहिला डबा उघडला. चाखला. मुकाट्यानं गुण दिले. दुसरा उघडला. तसंच. तिसरा आमचा. जयसिंहरावांनी सील फोडलं, झाकण काढलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि एकदम ताडकन उभे राहिले.

“अरे, ये तो… अहो, हा तर आमच्या आईसाहेबांचा डबा!”

झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं, “सौ. पद्मावती महिपतराव भोईटे!”

शालिनीताईंनी माझं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटायचा बाकी राहिला.

गरिमा मॅडमनी पेन उचललं. “सर, शर्त ग्यारह। पहचान का निशान। सैंपल रिजेक्ट।”

“पण पहचान किसकी? नाव माझ्या आईचं आहे. आईसाहेबांनी टेंडर भरलंय का?”

मॅडमचं पेन हवेतच थांबलं. “नहीं सर… अध्यक्ष की माताजी का तो कोई नियम ही नहीं है।”

जयसिंहराव झाकण हातात घेऊन बघत राहिले. “वो सब ठीक है. पण हा इथे आला कसा?”

वाचकहो, इथून पुढे त्या सभागृहात चिवड्याला कोणी विचारलं नाही. जयसिंहरावांनी सरळ आईला फोन लावला, आणि गडबडीत तो स्पीकरवर लागला.

“आईसाहेब, तुमचा तो मोठा डबा…”

“सापडला?” पलीकडून आवाज कडाडला. “कुठंय? झाकण आहे ना?”

“आहे. कोणाला दिला होतात?”

“सदाशिवरावांच्या घरी! त्यांच्या नातवाच्या मुंजीला अनारसे पाठवले होते. तेव्हापासून मागतेय. त्यांची बायको आपली देते, देते!”

“बरं, ठेवतो. मीटिंगमध्ये आहे.”

“मग मला कशाला फोन केलास?”

फोन बंद झाला. गरिमा मॅडम कडक आवाजात म्हणाल्या, “सर, ये सरकारी बैठक है।” मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, “वैसे… ये सदाशिवराव कौन हैं?”

सदाशिवराव आमच्या ओळखीचे, हे खरं. पण खरं सांगतो, मला तेव्हा भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती! हा डबा आमच्या माळ्यावर कुठून आला, हे मलाही कुठे माहीत होतं? मी खुर्चीत पुढे सरकलो. माझ्या शेजारी बसलेला मुरार भागातला कंत्राटदार तर ताकीद विसरून म्हणाला, “साहब, स्पीकर थोड़ा तेज कीजिए।” सौरवचा हात एव्हाना आपोआप तिसऱ्या डब्यात जायला लागला होता.

पुढचा फोन सदाशिवरावांना लागला. ते ओशाळले. “अहो जयसिंहराव, रिकामा डबा कसा परत करायचा? हिला पुरणपोळ्या करायच्या होत्या, त्या राहून गेल्या. मग नातीचं बारसं आलं. भांडी कमी पडली, तेव्हा त्याच डब्यातून एके ठिकाणी लाडू गेले.”

“किसके यहाँ?” गरिमा मॅडमनी टेबलावर वाकून विचारलं.

“त्या टेंडरवाल्यांकडे. नंबर देतो, लिहून घ्या.”

मी अजूनही कान टवकारूनच होतो! ‘टेंडरवाले’ म्हणजे कोण बुवा, असा विचार करत होतो. जयसिंहरावांनी नंबर लावला. पलीकडे घंटी वाजली. आणि माझ्या खिशातही वाजली!

अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. फोन बंद करायला गेलो तर घाईत तो उचलला गेला, आणि माझ्याच तोंडातलं “हॅलो” टेबलावरच्या स्पीकरमधून मला ऐकू आलं.

जयसिंहराव माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, “ते टेंडरवाले आपणच का?”

मीही त्यांच्याकडे बघत फोनमध्येच म्हणालो, “हो.”

“आमचा डबा आपल्याकडे आहे का?”

“नाही. आपल्यापुढेच आहे.”

मुरारचा कंत्राटदार उठून ओरडला, “पहचान खुल गई! रिजेक्ट करो!” दुसऱ्या दोघांनी त्याची री ओढली. शालिनीताईंनी माझा हात सोडला. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता, आणि त्या आपली पिशवी आवरायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं! मला फार वाईट वाटलं. त्या बायका शेडमध्ये वाट बघत असणार आणि मी इथे डब्याची वंशावळ ऐकत बसलो होतो!

त्या वाईट वाटण्यातूनच कुठूनतरी खरेदी शाखा जागी झाली. मी उभा राहिलो.

“मैडम, शर्त ग्यारह फिर से पढ़िए। निशान से पहचान हुई तो रिजेक्ट। निशान से किसकी पहचान हुई? साहब की माताजी की! हमारी पहचान हुई फोन से। और फोन किसने लगाया? कमेटी ने!”

गरिमा मॅडमनी अट वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. नियमावर खरं प्रेम असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला.

“बात तो सही है। सैंपल वैध है।”

जयसिंहराव मात्र खरे शिपाईगडी. म्हणाले, “डबा माझ्या घरचा आहे. मी निर्णयात राहणं बरोबर नाही.” आणि डब्याकडे एकवार बघून ते खोलीबाहेर निघून गेले.

मॅडम चिवडा चाखायला वळल्या, तर डब्याच्या तळाशी जेमतेम मूठभर उरला होता.

“सौरव जी!”

“मैडम, मैं तो जाँच कर रहा था।”

“तो बाकी तीनों की भी इतनी ही जाँच कीजिए।”

सौरवनी बाकीच्या डब्यांतून एकेक चिमूट घेतली, मान हलवली आणि हात पुन्हा तिसऱ्याच डब्यात घातला. मॅडमनी गुण लिहिले. दरातही आमचा आकडा सगळ्यांत खाली होता, कारण तो मी काढला होता!

आठवडाभरात मंजुरीपत्र आलं. मी ते बिर्लानगरच्या शेडमध्ये उभं राहून सगळ्या बायकांपुढे मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या, शालिनीताईंनी हसत हसत डोळे पुसले, एकीनं तर माझ्या पाया पडायला सुरुवात केली. मी नको नको म्हणत पुढची ओळ वाचली आणि माझा आवाज आपोआप बारीक झाला. ‘पुरवठा मंजूर नमुन्याशी तंतोतंत जुळता असावा. पदार्थ, डबा व डब्यावरील मजकूर यांसह.’

मी तिथूनच गरिमा मॅडमना फोन केला.

“अंकल, जो सैंपल पास हुआ है, वो डिब्बे समेत पास हुआ है। बदलवाना है तो कमेटी फिर बैठेगी, चारों सैंपल फिर खुलेंगे।”

“नको, नको!” शालिनीताईंनी माझ्या हातातून फोनच काढून घेतला. “मैडम, हम नाम डालेंगे!”

तेव्हापासून सरकारी टेंडर सल्लागार माधवराव टेंबे सराफ्याजवळच्या गल्लीत, भांड्यांवर नावं घालणाऱ्याच्या दुकानात बसलेले आढळतात. प्रत्येक झाकण आतून तपासायचं काम माझ्याकडे आहे. संस्थेतला प्रत्येक प्रशिक्षणार्थी रोज चार वाजता सौ. पद्मावती महिपतराव भोईटे यांचं नाव वाचून चिवडा खातो. मूळ डबा मात्र वर्षभरासाठी संस्थेच्या कपाटात सीलबंद आहे. तो संदर्भ नमुना! खुद्द जयसिंहरावांनाही तो हलवता येत नाही.

परवा शालिनीताईंनी आग्रहानं माझी पहिली फी दिली. नवा डबा, चिवड्यानं गच्च भरलेला. मी तो मिरवत घरी आणला. राजलक्ष्मीनं झाकण उलटून पाहिलं.

“वा! नाव त्यांचं, आणि भरलेलाही आहे. चला, चप्पल काढू नका. जाऊन आईसाहेबांना देऊन या. एकदाचा विषय मिटेल.”

माझी पहिलीवहिली फी घेऊन मी भोइट्यांकडे गेलो. आईसाहेबांनी झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, आतलं नाव बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, “नाव माझं आहे, पण डबा माझा नाही. माझं झाकण याहून घट्ट होतं.”

मी डबा परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो अलगद आत नेऊन ठेवला. चिवडा संपल्यावर पाठवतील म्हणाल्या, म्हणजे त्यात घालायला साजेसं काही झालं की!