घोडेस्वाराचं तीर्थ

“पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही म्हणतात ना? मग नक्की काहीतरी छंद असणार. तेवढं विचारून घ्या,” असं मैथिलीच्या मामींनी लग्नाच्या बैठकीतच बजावलं होतं. मामींचं स्वतःचं लग्न पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या माणसाशी झालं होतं. पण मैथिली तेव्हा नुकती बी.एस्सी. झालेली. ती हसली आणि म्हणाली, “छंद चांगलाच की मामी. माणूस घरात तरी राहतो.”

माणूस घरात राहिला. बाकी सगळं मामींचं खरं झालं.

उत्कर्ष अणदूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. एकदा शाळेची सहल तेरला गेली आणि तिथल्या संग्रहालयात त्याला कळलं, की दोन हजार वर्षांपूर्वी या तेरचा माल थेट रोमपर्यंत जात होता. मुलं डबे उघडून बसली, सर मात्र काचेच्या कपाटासमोरून हलेनात. तेव्हापासून घरात रोम शिरलं. सोन्याचांदीची नाणी मास्तराच्या पगारात बसणारी नव्हती. पण त्या साम्राज्याच्या पडत्या काळातली तांब्याची बारकी नाणी, अंगावरच्या मातीसकट, मूठभर एकदम मिळतात असं त्याला पुण्याच्या एका संग्राहकाकडून समजलं. पुढचं मैथिलीला कुरिअरवाल्याकडून समजलं.

नाणी साफ करायला म्हणे शुद्ध पाणी, परदेशी तेल आणि डॉक्टरांची बारीक हत्यारं लागतात. उत्कर्षने इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं, परदेशी तेलाच्या जागी करडईचं घेतलं आणि हत्यार म्हणून शाळेमागच्या बाभळीचे काटे काढले. शिवाय अक्षराचा जुना ब्रश. ‘जुना’ हा शब्द उत्कर्षचा. मैथिलीच्या माहितीप्रमाणे त्या ब्रशने त्या दिवशी सकाळीच दात घासले होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटी आली. वाटीत दहा काळीहिरवी ढेकळं आणि त्यांच्यावर शेवाळासारखं पाणी. अक्षरा दीड वर्षाची होती, आणि चपलेपासून चार्जरपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूची चव तिला ठाऊक होती.

“हे वर ठेवा. माळ्यावर,” मैथिली म्हणाली.

“माळ्यावर उजेड नाही. आणि तुला गंमत सांगू? शेवटी शेवटी त्यांना चांगला धातू परवडेना, म्हणून नाण्यात शिसं मिसळायला लागले.”

“शिसं?”

“व्हय ना! एवढं मोठं साम्राज्य, आणि काय दिवस आले बघ.”

त्या दिवसापासून मैथिली रोज सकाळ-संध्याकाळ वाटीतली नाणी मोजू लागली.

आणि एका रविवारी सकाळी ती नऊ भरली.

“अक्षू, आ कर. आणखी मोठा आ.” आत उपम्याचा एक दाणा होता. “अहो! एक नाणं नाही!”

उत्कर्ष धावत आला आणि वाटीत वाकून म्हणाला, “कुठलं नाही?”

“कुठलं म्हणजे?”

“घोडेस्वाराचं गेलं असेल तर वाईट झालं. त्याच्यावरचाच छाप जरा दिसायला लागला होता.”

“आणि ते हिच्या पोटात असेल तर?”

उत्कर्षने मुलीकडे पाहून थोडा विचार केला. “मग तेच असणार. तेच सगळ्यात बारकं होतं.”

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, थांबू नका, मुलीला घेऊन या, पोटाचा फोटो काढू. मैथिलीने बॅगेत दुपटी कोंबली, पाण्याची बाटली भरली, अक्षराला कडेवर घेतलं. निघताना देवाला हात जोडावेत म्हणून देवघरापाशी आली.

देवघरात तांदळाच्या छोट्या राशीवर नाणं बसलं होतं. चिंचेने घासून लख्ख केलेलं, हळद लावलेलं, वर झेंडूची पाकळी. भाला रोखलेला वीर, घोडा, आणि खाली लोळणारा एकजण स्पष्ट दिसत होता.

मैथिलीने अक्षरासकट जमिनीला डोकं टेकलं. “सापडलास रे बाबा! माझं लेकरू वाचवलंस!”

मान वर केली तेव्हा मागे सासूबाई उभ्या होत्या. शामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुलाबी ओळखू आला ना?” त्या म्हणाल्या.

या घरातला खंडोबाचा चांदीचा टाक, म्हणजे घोड्यावरच्या देवाचा उठावाचा छोटा पत्रा, थोरल्या मुलाने मुरुम गावच्या आपल्या नवीन घराच्या वास्तुशांतीसाठी नेला होता. वास्तुशांत होऊन तीन वर्षं झाली. टाक काही परत आला नाही आणि शामलाबाईंनी तोंडाने मागितला नाही. देवघरातली ती जागा मात्र त्या रोज पुसायच्या. आज पूजेच्या तबकात फुलांखाली त्यांना एक काळी चकती सापडली. अक्षरा ज्या वस्तू खात नाही त्या तबकात टाकते, हे त्यांना माहीत नव्हतं. चिंच लावली तसा आधी घोडा निघाला, मग भाला, मग पायाशी पडलेला दैत्य. आणि आता शिकलेल्या सुनेनंसुद्धा न सांगता साष्टांग घातला होता.

खरं सांगून टाकायला एक क्षण मिळाला होता. तो शेजारच्या कस्तुराबाईंनी खाल्ला. त्या विरजण मागायला आल्या होत्या, विरजण तिथंच विसरून आरडत बाहेर गेल्या, “अगं, मास्तराच्या घरात देव आलाय!”

दुपारी उत्कर्षने आईला समोर बसवलं. “आई, नीट ऐक. ते रोमचं नाणं आहे. तो उभा आहे तो शिपाई, आणि घोड्यावरून पडलाय तो त्याचा शत्रू.”

“शत्रूच म्हणायले ना मी. कुठला दैत्य, मणी का मल्ल?”

“दोन्ही न्हाय! ते तिथल्या बादशहानं पाडलंय. सातासमुद्रापलीकडं.”

“इतक्या लांबनं आला?” शामलाबाईंनी हात जोडले. “आमचा थोरला मुरुमहून येईना.”



दुसऱ्या दिवसापासून तीर्थ सुरू झालं. सकाळी नाणं ताम्हणात ठेवायचं, चिंचेने घासायचं, अभिषेक करायचा आणि ते पाणी सगळ्यांना द्यायचं. पहिला मान अक्षराचा, कारण देव तिच्या पायगुणाने आला, असं सासूबाईंचं म्हणणं.

“रोज चिंच लावतायत,” उत्कर्ष स्वयंपाकघरात कळवळून म्हणाला. “सतराशे वर्षांत चढलेला रंग होता तो. रोज घासतायत!”

“आणि ते पाणी रोज अक्षूला पाजतायत.”

“हां. ते पण आहेच.”

मैथिलीने त्याच्याकडे पाहिलं.

आता सगळं तिच्यावरच होतं. सासूबाईंना सरळ सांगावं, तर आधी हे कबूल करायला हवं की ज्या देवाला आपण लोटांगण घातलं तो महिनाभर बॅटरीच्या पाण्यात पडून होता. शिवाय तीन वर्षांनी सासूबाई देवघरासमोर गुणगुणायला लागल्या होत्या. त्यांचं गुणगुणणं थांबवायचं नाही, आणि लेकराच्या पोटात शिसंही जाऊ द्यायचं नाही. मैथिलीने अक्षराला तीर्थ डोक्याला पुसायला शिकवलं. दोन दिवस ते जमलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “लेकराच्या हातून सगळं सांडतंय,” आणि पळीनेच तोंडात घालू लागल्या.

मग मैथिलीने अभिषेकानंतर तांब्यात काढलेलं तीर्थ गुपचूप ओतून टाकलं आणि घरातल्या फिल्टरचं पाणी भरून ठेवलं. तेव्हा कस्तुराबाई घोट घेऊन जिभेने टाळू चाचपत राहिल्या.

“आज तीर्थाला ती चव न्हाय, बाई.”

“कसली चव, मावशी?”

“कालचं जरा तांब्यावानी लागत हुतं. भांडं उतरल्यावानी. त्यानंच तर म्या काल जिना चढले. माझ्या गुडग्याला इचारा की.”

गुडघ्याची बातमी गल्लीभर झाली आणि पाणी बदलायची सोय राहिली नाही. रविवारी दारात चपलांचा ढीग पडला. लोकांना तीर्थ वाटायचं काम मैथिलीने हट्टाने स्वतःकडे घेतलं. ती पळीच्या टोकाने प्रत्येकाच्या तळहातावर एकच थेंब ठेवायची. लहान मुलं समोर आली की तेवढाही नाही. नुसती पळी कपाळाला लावायची. “मास्तरीणबाईंचं लई शिस्तीचं काम,” असं लोक म्हणाले. कुणीतरी देवाचा फोटो काढला आणि तो संध्याकाळपर्यंत मुरुमला पोचला.

तीन वर्षांत न आलेले थोरले भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला आले. बरोबर जाऊबाई श्रीदेवी, हातात पेढ्यांचा पुडा. देवाच्या पाया पडून झालं. मग भाऊजींनी घसा साफ केला.

“आई, कुळाचा देव थोरल्या घरी असतो.”

“एक नेलास की.”

“तो जुना, वडलांचा. हा तर आपणहून आला.”

“आपणहून माझ्याकडं आला.”

“म्हणजे मी कोण न्हाय का?”

“तू कोण आहेस ते मला तीन वर्षांनी आज कळायलंय.”

चहावर साय धरली. उत्कर्षने मधे तोंड घातलं, “खरं तर या नाण्याचा जर इतिहास पाहिला—”

“तू गप,” आई आणि भाऊ एकदमच म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

मैथिली दारात उभी होती. अक्षरा तिच्या पदराशी, आणि पळी सासूबाईंच्या हातात. तीर्थाची वेळ झाली होती. आणि मैथिलीच्या तोंडून निघून गेलं, “आपला अणदूरचा खंडोबा काय करतो, भाऊजी? थोडे महिने नळदुर्गला जातो, बाकीचे इथं राहतो. दोन्ही गावं करार करून आणतात-नेतात. मूर्ती एकच, पण कुणी कधी म्हणालं का, देव फक्त आमचा?”

अणदुरात राहून या बोलण्याला ‘नाही’ म्हणता येईल असा माणूस अजून जन्मलेला नाही. भाऊजींनी पेढ्याचा पुडा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

“मग आधी इथं राहू दे,” शामलाबाई म्हणाल्या.

“नाही आई,” मैथिली घाईने म्हणाली, “आधी मुरुम. भाऊजी थोरले आहेत.”

शामलाबाईंनी पळी खाली ठेवली. सुनेच्या डोक्यावर हात फिरवला. कस्तुराबाईंनी दारातूनच डोळ्याला पदर लावला. “हातचा देव उचलून जावेला दिला, बाई. एवढं मोठं मन म्या बघितलं न्हाय.” मैथिलीने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

देव मुरुमला निघाला तेव्हा गल्लीने भंडारा उधळला. येळकोट झाला. भाऊजींनी नाणं खिशात न ठेवता दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. गाडी श्रीदेवीने चालवली. उत्कर्ष गाडीच्या मागे नाक्यापर्यंत चालत गेला. लोक म्हणाले, मास्तर वरनं रुक्ष दिसतो, पण भक्ती आहे. त्या संध्याकाळी उरलेली नऊ नाणी शाळेतल्या कपाटात कुलपाआड गेली. मैथिलीने स्वतः किल्ली फिरवून पाहिली. मग अक्षराला मांडीवर घेऊन बसली आणि कित्येक दिवसांनी गरम चहा प्यायली.

चहा संपता संपता फोन वाजला. श्रीदेवी होती.

“पोचलो गं. देव बसवला, आरती झाली. आणि तुला गंमत सांगते, आमच्या शौनकला तीर्थ लई आवडलं. चार वर्षांचं पोरगं, पळीनं घेईना. वाटीनं पितंय!”

मैथिलीने कप खाली ठेवला.

“ताई, थेंबभरच द्या हो. सर्दी होईल.”

“देवाच्या पाण्यानं कुठं सर्दी होती, वेडे?”

उत्कर्षने त्याच रात्री भावाला फोन करून सगळं सांगितलं. रोम, बॅटरीचं पाणी, शिसं, काहीही लपवलं नाही. पलीकडून भाऊजी शांतपणे म्हणाले, “लहानपणापासून तुझं हेच आहे. माझ्या हातात काही चांगलं आलं, की ते नकली,” आणि फोन ठेवला. पुढच्या वेळी त्यांनी उचलला नाही. मैथिलीने श्रीदेवीला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, “देऊन पस्तावलीस होय गं? असू दे, माणूसच आहेस.” सासूबाईंना मधे घालायची सोय नव्हती, त्या सुनेचं मोठं मन तुळजापूरपर्यंतच्या नातेवाइकांना फोनवर ऐकवण्यात गुंतल्या होत्या.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी बाजाराला किंवा पाहुण्यांकडे मुरुमला निघालाच असाल, तर मैथिलीचं एवढं काम करा. घर विचारायला लागणार नाही, रविवारी दारात चपला दिसतील. आत जा, देवाच्या पाया पडा, पेढा मिळाला तर खा. मग आजूबाजूला बघा. शौनक नावाचं चार वर्षांचं पोरगं तिथंच कुठंतरी वाटी घेऊन फिरत असेल. नीट जेवतो का, पोट दुखतं का, चेहरा उतरलाय का, ते पाहा. आणि त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणून त्याच्या आईला तुमच्या तोंडाने सांगा. तुमचं कदाचित ऐकतील. मैथिलीने पाठवलंय हे मात्र बोलू नका. कळवायचं असेल तर दुपारी फोन करा, तेव्हा सासूबाई झोपलेल्या असतात.