केसांना मुदतवाढ

माझे नाव राजकुमार. (यात माझा दोष नाही. चेहरा नीट दिसायला लागायच्या आतच आईवडिलांनी ठेवून टाकले.) मी एका कचेरीत कारकून आहे आणि अठरा वर्षे एकच काम मन लावून करतो आहे, ते म्हणजे लोकांच्या अर्जांना मुदतवाढ देणे. मधूनमधून तंद्री लागते, तेवढा वेळ सोडून. त्यामुळे त्या दिवशी माझ्या तोंडून जे निघाले ते निव्वळ सवयीने निघाले, असे माझे म्हणणे आहे. बायकोचे म्हणणे वेगळे आहे.

झाले असे की, माझ्या बायकोचे, म्हणजे करुणाचे, केस कुरळे. दर पाच महिन्यांनी ती ते निशाच्या पार्लरमध्ये औषध लावून सरळ करून घेते. पण तेवढ्यात मुळाशी दोन बोटे नवे केस येतात आणि ते कुणाचे ऐकत नाहीत, कुरळेच येतात. मग पुन्हा औषध, पुन्हा घरभर तो वास, पुन्हा तीन दिवस डोक्याला पाणी लावायचे नाही. (या शेवटच्या अटीचा आमच्या शहरात कुणाला त्रास होत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी येते.)

या वेळी मात्र निशाने भांग पाडून बघितला आणि कंगवा खाली ठेवला.

"भाभी, चमडी लाल हो गई. अब दवाई लगाये तो बाल हातात येतील. सहा महिने ठैरो. जल्दी नको करो."

करुणाचा चेहरा उतरला. कारण त्याच्या आतच, चार महिन्यांनी, तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींचा मेळावा होता, पंधरा वर्षांनंतरचा. त्या कॉलेजात तिला सगळ्या 'पोळं' म्हणायच्या. मधमाश्यांचं. एकदा, फक्त एकदा त्या बायांसमोर वरून खालपर्यंत कंगवा सरसर जाईल अशा केसांनी उभे राहायचे, एवढीच तिची इच्छा होती.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "देऊ की मुदतवाढ."

"कोण देणार?"

"मी. पाचाचे नऊ महिने करून देतो. मेळाव्याला केस सरळ नाही दिसले तर नाव बदलीन."

"ते तसंही बदलायला पाहिजे," करुणा म्हणाली. पण तिने माझ्यावर विश्वास टाकला, आणि तिथेच सगळे बिघडले.

कारण खरे सांगायचे तर मला कुरळे केस आवडतात. लई आवडतात. बारा वर्षांच्या संसारात हे बोलायची हिंमत झाली नव्हती, एवढेच. म्हणजे वकील मी तिचा आणि मनातून विरुद्ध पार्टीचा.

तरी काम मी इमानदारीने केले. केस घासले जाऊ नयेत म्हणून शहागंजच्या बाजारातून उशीसाठी साटिनचा अभ्रा आणला. (त्यावर तिचे केस छान राहिले. मी मात्र दोनदा उशीवरून घसरून कॉटच्या कठड्यावर आपटलो.) स्कूटरवर स्कार्फ, घरात सैल क्लिप, केस धुणे फक्त पाण्याच्या दिवशी. आणि दर रविवारी सकाळी ती खिडकीत उन्हाला पाठ करून बसायची आणि मी फूटपट्टीने मुळे मोजायचो.

ती मोजणी मी जन्मभर विसरणार नाही. मानेवर बारीक बारीक वळणे उठलेली असायची. ऊन त्यांच्यात अडकायचे आणि बाहेर यायला विसरायचे. बाहेर भाजीवाला ओरडत असायचा, तो कुठल्या तरी लांबच्या गावात ओरडतो आहे असे वाटायचे. माझा हात फूटपट्टीसकट तसाच राहायचा.

"किती झाले?"

"हं?"

"अहो, सेंटिमीटर किती झाले?"

"सुंदर," मी म्हणायचो.

"आकडा सांगा!"

असे करत मेळाव्याचा रविवार उजाडला. करुणाने भल्या सकाळी उठून दोन तास मुळांवर गरम इस्त्री फिरवली. निळी साडी नेसली. आरशासमोर उभी राहून कंगवा फिरवला तर तो एका दमात खाली आला. ती कॉलेजातल्या मुलीसारखी हसली. मला तिच्यासाठी फार बरे वाटले, आणि माझ्यासाठी थोडे वाईट वाटले.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली. "पाणी आलंऽऽ!"

पाणी सोमवारी यायचे होते. पण आमच्या गल्लीत पाणी आले की नवरदेवसुद्धा घोड्यावरून उतरतो.

"मी खाली मोटर बघते," करुणाने पदर खोचला. "तुम्ही गच्चीवर जाऊन टाकीत पाईप धरा. बाकी काही करू नका. फक्त धरा."

मी गच्चीवर गेलो आणि पाईप धरला. सकाळ अशी कोवळी होती की काय सांगू. लांब डोंगर निळे दिसत होते. कुणाच्या तरी रेडिओवर बासरी वाजत होती. खाली अंगणात करुणा मोटरीपाशी वाकली होती आणि तिच्या मानेवर, इस्त्रीच्या तावडीतून सुटलेले एक कुरळे वेटोळे मला वरून स्पष्ट दिसत होते. एकच. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मनात आले, एक सुटले म्हणजे बाकीचेही सुटतील.

"आलं का हो पाणी?" खालून करुणा ओरडली.

"काय?" म्हणत मी कठड्यावरून वाकलो. पाईप माझ्या हातातच होता. मला फक्त धरायला सांगितले होते, आणि मी तो शेवटपर्यंत सोडला नाही.

पाणी आले.

शेजारच्या गच्चीवरून कारभारीकाका धावत कठड्याशी आले. "ओ राजकुमार! काय करायलाय? पाणी वाया चाललंय की!"

मी खाली पोचलो तेव्हा करुणा डोळे मिटून उभी होती. बघता बघता मुळाशी केस फुलायला लागले. कानापर्यंत कुरळे, कानाखाली सरळ. तिने निशाला फोन लावला. "भाभी, अब इस्त्री नको मारो, तुटेंगे. वैसेच जाओ," निशा म्हणाली. करुणाच्या डोळ्यांत पाणी आले. मला माझी अठरा वर्षांची नोकरी, बारा वर्षांचा संसार आणि तो पाईप, सगळ्याचीच लाज वाटली. मेळाव्याच्या हॉटेलपर्यंत मी तिला स्कूटरवर सोडले. वाटेत वाऱ्याने केस आणखी फुलले.

संध्याकाळी ती परत आली. मी न सांगता चहा ठेवला.

"कुणी पोळं म्हणलं का?" मी भीतभीत विचारले.

"व्हय. सगळ्याच म्हणल्या."

मी साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला.

"मग म्हणल्या, पोळे, हे कुठं करून घेतलंस? वर लाटा, खाली सरळ. लई भारी दिसतंय! दोघींनी पार्लरचा पत्ता मागितला."

"तू काय सांगितलं?"

"म्हणलं, घरगुती आहे. नवरा करतो." तिने चहाचा घोट घेतला आणि हळूच म्हणाली, "मी काय म्हणते, आता सरळ नाही करायचे. बारा वर्षं झाली, माझे केस कसे आहेत तेच मी विसरले."

मला भरून आले. इतक्या वर्षांचे बांध फुटले.

"करुणा, खरं सांगू? तुला बघायला पैठणला आलो, तेव्हा घरात लाजून मी मान वर केलीच नाही. पण आत येताना अंगणात तू पाठमोरी बसली होतीस, केस वाळवत. उन्हात ते कुरळे केस बघितले आणि तिथंच ठरवलं, करीन तर हीच. आजही डोळे मिटले की तेच दिसतं."

करुणाने कप खाली ठेवला.

"अंगणात?"

"व्हय. लख्ख ऊन पडलं होतं."

"मला सकाळपासून आतल्या खोलीत बसवलं होतं. चपचपीत तेल लावून, दोन वेण्या घालून."

"मग अंगणात?"

"आई होती."

त्यानंतर आमच्या सासूबाई, आवडाबाई, तीनदा राहून गेल्या. त्यांच्यासमोर माझी मान आधीही लाजेने वर होत नव्हती, आता तर अजिबात होत नाही. त्या मात्र गल्लीभर सांगत असतात, "जावई लई गुणाचा. बारा वर्षं झाली, सासूकडं डोळा वर करून बघत नाय."