अप्पांची हरकत

लाइट गेली की अख्खं गाव "गेली बघा!" म्हणून मोकळं होतं. आमचे गुरुलिंगअप्पा तेवढ्यावर सोडत नाहीत. ओट्यावर येतात, कमरेवर हात ठेवतात आणि समोरच्या खांबाला खडसावून विचारतात, "कुठल्या कलमाखाली गेली?"

आता खांब काय बोलणार, कपाळ! माझी पिठाची गिरणी अप्पांच्या घराला लागूनच. लाइट गेली की माझा पट्टा थांबतो, चक्कीत अर्धं दळण अडकतं, बायका डबे घेऊन ताटकळतात आणि शेजारून ह्यांचा कायदा सुरू होतो. "सुमन, बिल थकलं असंल तर कलम छप्पन्न. पण त्यालाबी आधी लेखी नोटीस पायजे. तुला नोटीस आली व्हती का?"

"अप्पा, फ्यूज उडालाय."

"असं व्हय," म्हणून अप्पा हिरमुसून आत जातात. फ्यूजला कलम नाही, ह्याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं.

हा नाद लागला तो शेतातल्या पंपापायी. अर्ज करकरून वहाणा झिजल्या, तरी रानात वीज येईना. तेव्हा अप्पांनी सोलापुरातून विजेच्या कायद्याचं मराठी पुस्तक आणलं आणि कलम त्रेचाळीस पाठ केलं. मागेल त्याला ठरल्या मुदतीत वीज द्यायची, असं त्यात लिहिलंय म्हणे. ते कलम त्यांनी कचेरीत इतक्या वेळा म्हणून दाखवलं, की साहेबांनी कंटाळून का होईना, पण जोडणी दिली. विहीर पुढं आटली, पंप गंजला, नाद मात्र राहिला. विजेवरून ते गॅसवर गेले, गॅसवरून पेट्रोलवर. कुणाला तंबाखूची तलफ येते, अप्पांना राजपत्राची. माघारी गाव त्यांना कलमअप्पाच म्हणतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर त्यांची मोपेड दुरून दिसली की पोरं पाच लिटरचं माप आधीच पुसून ठेवतात. अप्पा पेट्रोल घेणार शंभराचं. पण आधी फिल्टर पेपर मागणार, त्यावर थेंब टाकून बघणार, मग माप भरायला लावणार. एवढं झाल्यावर "बराबर हाय, शाब्बास!" म्हणून पोराची पाठ थोपटणार. मागं ट्रकवाल्यांचे भोंगे वाजून वाजून बसतात.

एकदा महानंदाक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, माहेरी निघाल्या होत्या. नळदुर्गच्या अलीकडं मोपेडमधलं पेट्रोल संपलं. टपरीवाला बाटलीतून द्यायला तयार होता. अप्पा त्याच्यावरच उसळले. "बाटलीत पेट्रोल? अरे, परवाना हाय का? पेटलं म्हंजे?" आणि भर उन्हात गाडी ढकलत पंपापर्यंत गेले. मागून अक्का डोक्यावर पिशवी घेऊन चालत. परत आल्यावर गिरणीत मला सांगत होत्या, "मला वाटलं म्या गाडीवर बसून माहेरी चाललेय. बघते तर गाडीलाच मी माहेरी घेऊन चालले व्हते!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. ह्या माणसाबरोबर संसार करायचा तर असंच हसता यायला हवं.

हॉटेलातली भजी ते खात नाहीत, कारण भजी घरगुती लाल टाकीवर तळतात. धंद्याला निळी टाकी लागते. हॉटेलवाला शेवटी वैतागून निळी टाकी घेऊन आला, तर अप्पांनी घरच्या सगळ्यांना नेऊन भजी खाऊ घातली. वर त्याचा सत्कारही केला, शाल आणि नारळ देऊन.

आणि पुतण्याचं लग्न! मांडवात लायटिंग झगमगत होती. नवरदेव घोड्यावर, बँड जोरात. अप्पांची नजर वर गेली. खांबावरच्या तारेला आकडा टाकलेला. झालं! "काढा त्यो आकडा! कलम एकशे पस्तीस! चोरीच्या उजेडात आमच्या घरच्या अक्षता पडायच्या न्हाईत!" नवरदेव अंधारात घोड्यावर, घोडा बिचकलेला, व्याही लालबुंद. नळदुर्गहून जनरेटर येईपर्यंत मुहूर्त टळून गेला. तेव्हा लोकांनी नावं ठेवली, मीही ठेवली. पण आज आमच्या गावात जत्रेच्या मांडवालासुद्धा रीतसर तात्पुरतं मीटर बसतं. आकडा टाकायचं कुणाच्या मनातही येत नाही. पाव्हण्यारावळ्यांत हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. आहे का दुसऱ्या गावात असा माणूस?

महानंदाक्का गेल्या त्याला आता दोनेक वर्षं होतील. अप्पा लिंगायत. त्यांच्यात दहन करत नाहीत, माती देतात, आणि ज्याला रान आहे तो आपल्या रानातच देतो. वर सिमेंटचा ओटा घालू नका, असं अक्कांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळं अप्पांच्या रानात, शेजारच्या माझ्या रानाच्या बांधाजवळ, नुसता मातीचा उंचवटा आहे आणि उशाला एक बेल. अप्पा रोज सकाळी तिथं जाऊन बसतात.

आणि मग आमच्या शिवारातून गॅसची पाइपलाइन जायची ठरली.

मोजणीवाले आले, रानारानांत दगड रोवून त्यांना शेंदरी रंग देऊन गेले. हा तुळजापूर-येरमाळ्याकडचा मुलूख. इथं शेंदरी दगड दिसला आणि बाईमाणूस तसंच पुढं गेलं, असं होत नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक दगडाला हळदीकुंकू, लिंबू आणि वर फोडलेला नारळ. अप्पा मोपेडवरून ओरडत फिरले, "आगं बायांनो, ह्यो देव न्हाय! ह्यो सरकारचा दगड हाय!" एका म्हातारीनं शांतपणे उत्तर दिलं, "सरकारचा असंना का. नवस केलाय, फेडाया नको?" अप्पांनी मुकाट्यानं खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि पुढं गेले.

पण त्या दिवसांत अप्पा इतके खूश होते म्हणता! "सुमन, आपल्या रानाखालून देश चाललाय, देश!" असं म्हणत ते गावभर बासष्ट सालचा पाइपलाइनचा कायदा समजावत हिंडले. जमीन जाणार म्हणून लोकं घाबरली होती. अप्पा पारावर बसून सांगायचे, "जमीन तुजीच ऱ्हाती. सरकार फकस्त खालून वापरायचा हक्क घेतं, त्याची भरपाई देतं. वर खुशाल पेर, काप, खा. पण त्या पट्ट्यात घर न्हाय, विहीर न्हाय, झाड न्हाय, खोल खणणं न्हाय. कलम नऊ." कुणाची खरी अडचण असली तर हरकत लिहून द्यायचे. माझी बांधीव विहीर लायनीत येत होती, तर आधीच्या पक्क्या बांधकामाखालून लाइन नेता येत नाही हे कलम सात दाखवून माझीही हरकत त्यांनीच लिहिली.

मग अप्पांच्या रानातही दगड रोवले गेले. बेल आणि बांध ह्यांच्या मधून, अक्कांच्या मातीला जराही न लागता लाइन जाणार होती. मोजणीवाल्यांनी मुद्दाम अंतर सोडलं होतं. आणि ज्या माणसानं गावाला कायदा शिकवला, त्यानं स्वतः हरकत घेतली. लाइन तिथून नको.

गिरणीत दिवसभर तोच विषय. अक्काच्या जागेला धक्का लागत नाही, पीक जात नाही, मग अप्पांना झालंय काय? कुणी म्हणालं, वय झालं. एकानं तर तोडगाच आणला. "अप्पा, त्या मोकळ्या जागंत एक ओटा बांधून टाका. वरून शेणानं सारवला की जुना दिसतोय. आधीपास्नं पक्कं बांधकाम व्हतं म्हणून सांगायचं. कलम सात."

"खोटं बांधू? तिच्या शेजारी?" अप्पा एवढंच बोलले आणि उठून गेले.

मीही विचारून बघितलं. "अप्पा, अक्काला काय व्हत न्हाय की. मग कशापायी?"

"हरकत घ्यायचा हक्क हाय मला. कलम पाच," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

सुनावणी धाराशिवला होती. माझी आणि त्यांची एकाच दिवशी, म्हणून त्यांच्याच मोपेडवर मागं बसून गेले. वाटेत पंपावर माप भरून बघण्यात अर्धा तास गेला, ते असो. अधिकारी बाई होत्या, तरुण, आणि कायद्यात चांगल्याच पक्क्या. माझ्या विहिरीचं अप्पांनी कलम सांगितलं, तर बाईंनी त्याचं परंतुकसुद्धा, म्हणजे खालचा अपवाद, तोंडपाठ म्हणून दाखवलं. अप्पांचा चेहरा असा उजळला! जोडीचा पैलवान भेटला की वस्ताद खूश होतो, तसे ते खूश झाले. माझी विहीर सुटली.

मग अप्पांचं नाव पुकारलं. अप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमची हरकत कोणत्या कलमाखाली?" बाईंनी विचारलं.

अप्पा गप्प. अहो, कलम विचारल्यावर अप्पा गप्प!

"कलम न्हाय, मॅडम," अप्पा म्हणाले.

"तुमच्या पत्नीची जागा सोडलेली आहे. शेजारच्या पट्ट्यात काय आहे? विहीर, झाड, बांधकाम?"

"काय न्हाय. मोकळी जागा हाय."

"मग?"

"माझी हाय ती."

"आजोबा, जमीन तुमचीच राहते, हे तर तुम्हाला..."

"तसं न्हाय, मॅडम." अप्पांनी टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्या गेल्यावर मला माती द्यायची जागा हाय ती. तिच्या शेजारची. पाइप गेला की तिथं खणता येणार न्हाय. कलम नऊ. तुमचं बराबर हाय, कायद्याचंबी बराबर हाय. म्याच चुकीच्या जागी मरायचं ठरवलंय."

बाईंनी पाइपलाइनच्या इंजिनियरला जवळ बोलावलं. दोघं बराच वेळ नकाशावर वाकून बसली. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याच रानात पलीकडून वळवता येईल. पण तिथं तुम्ही मोजणीवाल्यांना नव्या विहिरीची जागा दाखवली होती ना? मग ती विहीर होणार नाही. तुमचं रान कोरडवाहूच राहील. नीट विचार करा."

त्या विहिरीसाठी अप्पा पै-पै साठवत होते, हे मला ठाऊक होतं. पाणी हुडकणाऱ्या पाणाड्यानं नारळ हातावर उभा करून दाखवलेली ती जागा.

"इचार केलाय," अप्पा म्हणाले. "पाणी काय, कुणाकडंबी मागून आणता येतं. तिच्या शेजारची जागा मागून कोण देणार?"

जिन्यात मला रडू आवरेना. अप्पा खेकसले, "रडतीस काय? निकाल आपल्या बाजूनं लागलाय!"

पुढं दगड हलले. पलीकडून चर खणला, पाइप गेला, माती ओढली, वर ज्वारीसुद्धा उगवली. विहिरीची जागा गेली ती गेलीच. मी माझ्या विहिरीवरून बांधापलीकडं पाण्याचा पाइप टाकून दिला. अप्पा नको नको म्हणत होते. मी म्हटलं, गप बसा. ह्या माणसाच्या शेजारी माझं रान आहे, माझी गिरणी आहे, ह्याचा मला किती अभिमान वाटतो हे त्यांना कसं सांगू?

परवा सकाळी पाणी सोडायला गेले तर अप्पा बेलाखाली बसलेले. अक्कांच्या शेजारची ती मोकळी जागा त्यांनी खुरपून स्वच्छ करून ठेवलेली.

"तुमी एवढं सोसलंत, अप्पा," मी म्हटलं. "अक्काला कळलं असतं तर..."

"तिला एकटीला करमत न्हाय गं. माहेरीबी कधी धड ऱ्हायली न्हाय. दोन दिसांत निरोप यायचा, न्यायला या म्हणून."

"आणि तुमाला?"

अप्पांनी त्या खुरपलेल्या मातीवरून हात फिरवला. "मला कोण निरोप धाडणार?" म्हणाले. "म्या आपला तयारी करून बसलोय."